काचबिंदूचं ऑपरेशन फेल गेलं, मग दुसरं किती वर्षं टिकतं?

काचबिंदूचं ऑपरेशन फेल गेलं असं डॉक्टरांनी सांगितलं की बहुतेक घरांत त्याचा एकच अर्थ काढतात, डोळा गेला. आमच्याकडे अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, वेळी तेच झालं, नातेवाईकांचे फोन सुरू झाले, कोणी म्हणे आता पुन्हा डोळ्याला हात लावू देऊ नका, कोणी म्हणे मुंबईला न्या, आणि अण्णा आपले एकच विचारत होते, मला दिसतंय की अजून, मग फेल काय झालं? मला तेव्हा त्यांना नीट उत्तर देता आलं नाही. नंतर बरंच वाचलं, डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं, ओपीडीत बसलेल्या इतर पेशंटच्या मुलांशी बोलले, आणि आता लिहितेय कारण मराठीत पहिल्या ऑपरेशनबद्दल थोडंफार तरी सापडतं पण ते बंद पडल्यावर पुढच्या पाच-दहा वर्षांत काय होतं यावर जवळपास काहीच नाही.

आधी फेल म्हणजे काय ते. डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होत असतं (अश्रू नाही, ते वेगळे) आणि त्याचा निचरा नीट झाला नाही की प्रेशर वाढतं आणि मागची नस हळूहळू सुकते. ट्रॅबेक्युलेक्टॉमी, ज्याला डॉक्टर नुसतं ट्रॅब म्हणतात, ती १९६८ साली केर्न्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी मांडली आणि आजही जगभर होते. त्यात वरच्या पापणीखाली डोळ्याच्या पांढऱ्या भागात एक छोटं झाकण करून पाण्याला बाहेर यायला वाट देतात, ते पाणी वरच्या पातळ पडद्याखाली जमतं आणि तिथे एक फुगवटा दिसतो, त्याला ब्लेब म्हणतात. हा फुगवटा जिवंत राहिला तर ऑपरेशन चालू. पण शरीराला काय माहीत की ही वाट मुद्दाम केलीय, ते तिला जखमच समजतं आणि भरून काढायला लागतं. इतर ऑपरेशनमध्ये जखम लवकर भरली की आपण देवाचे आभार मानतो, इथे ती भरली की प्रेशर परत वर. म्हणून ऑपरेशनच्या वेळी मायटोमायसिन नावाचं औषध थोडा वेळ लावून ठेवतात, मुळात कॅन्सरचं औषध, ते पेशींची वाढ रोखतं. तरीही काही डोळे भरतातच. तरुण पेशंट, डोळ्यात वारंवार सूज येणारे, डायबेटिसमुळे नव्या रक्तवाहिन्या फुटलेले, आधी डोळ्याचं एखादं ऑपरेशन झालेले, वर्षानुवर्षं थेंब घालून डोळा लाल राहणारे, यांच्यात हा धोका जास्त. अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आधी झालेलं, तेही जुन्या पद्धतीचं टाके घालून, आणि थेंब तर किती वर्षं चालू होते विचारू नका.

म्हणजे अण्णांची नजर गेली नव्हती, पाण्याची वाट बुजली होती. हे दोन वेगळे आहेत, आणि मधल्या काळात काही केलं तर नजर वाचते, हे घरातल्या प्रत्येकाला समजायला हवं कारण या काळातच लोक कंटाळून जाणं बंद करतात.

लगेच दुसरं ऑपरेशन असं काही नसतं बरं का. आधी डॉक्टर भिंग लावून आत बघतात की छिद्राच्या तोंडाशी काही अडकलंय का, सुरुवातीचे आठवडे असतील तर लेझरने एखादा टाका तोडतात. मग येतं नीडलिंग. अण्णांचं मी समोर बसून बघितलंय. मशिनवर हनुवटी टेकवून बसवलं, भुलीचे थेंब घातले, खाली बघा म्हणाले, आणि अगदी बारीक सुई ब्लेबपासून लांब, बाजूने पडद्याखाली सरकवत नेली आणि चिकटलेला भाग हलके हलके सोडवला, आणि सपाट पडलेला तो भाग माझ्या डोळ्यादेखत वर आला. सोबत फाइव्ह-एफयूचं इंजेक्शन, तेही मायटोमायसिनसारखं पेशींची वाढ रोखणारं औषध. काही मिनिटांचं काम. आम्हाला वाटलं झालं, सुटलो. काहींचं खरंच सुटतं, काहींचं दोन-तीनदा करावं लागतं, अण्णांचं काही महिन्यांत परत चिकटलं. नीडलिंगनंतर पहिल्या दिवशी प्रेशर छान येतं पण त्यावर खूश व्हायचं नाही, ते काही आठवड्यांनी किती आहे ते खरं.

आता मुख्य गोष्ट. परत ट्रॅब करायचं की ट्यूब टाकायची? (ट्यूब म्हणजे डोळ्याच्या आतलं पाणी बाहेर पडद्याखाली बसवलेल्या एका प्लेटपर्यंत नेणारी बारीक नळी, पाणी त्या प्लेटभोवती जिरतं.)

आधी ज्या डोळ्यावर सर्जरी झालीय तिथे ट्रॅब किती टिकतं याचा एक जुना पण मोठा अभ्यास अमेरिकेत झाला होता, फाइव्ह-एफयू औषधाचा. त्यात २१३ पेशंट होते, सगळे एकतर मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले किंवा काचबिंदूचं आधीचं ऑपरेशन फेल गेलेले. पाच वर्षांनी, औषधाशिवाय केलेल्या ऑपरेशनमधली ७४ टक्के फेल गेलेली होती आणि औषध वापरलेल्यांमधली ५१ टक्के. म्हणजे औषधाने खूप फरक पडला हे खरं पण औषध वापरूनही निम्मे. हे वाचून मी रात्री बराच वेळ तशीच बसले होते. पण तो काळ वेगळा होता, १९८० च्या दशकातली ऑपरेशनं ती, मायटोमायसिन तेव्हा रोजच्या वापरात नव्हतं.

नंतर आला टीव्हीटी, म्हणजे ट्यूब व्हर्सेस ट्रॅबेक्युलेक्टॉमी स्टडी, याचे पाच वर्षांचे निकाल २०१२ मध्ये आले आणि काचबिंदूच्या डॉक्टरांचं वागणंच त्याने बदललं असं म्हणायला हरकत नाही. २१२ डोळे, १७ केंद्रं, सगळ्यांचं आधी ट्रॅब किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन किंवा दोन्ही झालेलं. अर्ध्यांना बेअरव्हेल्ट ट्यूब, अर्ध्यांना मायटोमायसिन लावून ट्रॅब. पाच वर्षांनी ट्यूबवाल्यांतले २९.८ टक्के फेल आणि ट्रॅबवाल्यांतले ४६.९ टक्के. काचबिंदूसाठी परत ऑपरेशन करावं लागलं ट्यूबमध्ये ९ टक्क्यांना, ट्रॅबमध्ये २९ टक्क्यांना. आणि प्रेशर? ट्यूबमध्ये सरासरी १४.४, ट्रॅबमध्ये १२.६, दोन्हीकडे सुरुवात साधारण २५ वरून झाली होती. म्हणजे चालू राहिलेलं ट्रॅब प्रेशर थोडं जास्त खाली नेतं पण चालू राहण्याची खात्री ट्यूबची जास्त.

इथवर सगळे सांगतात. पण दोन गोष्टी मला वाटतं प्रत्येक घराने यातून उचलायला हव्यात आणि त्या कोणी सांगत नाही. पहिली ही की त्या अभ्यासात पास कशाला म्हटलंय ते बघा. प्रेशर २१ च्या वर नाही, आधीपेक्षा किमान २० टक्के कमी, ५ किंवा त्याच्या खाली घसरलेलं नाही, परत ऑपरेशन लागलेलं नाही, आणि डोळ्याला उजेड कळतोय. थेंब चालू असले तरी पास. आता ज्याची नस बरीच सुकलीय त्याला २१ अजिबात चालत नाही, अण्णांना डॉक्टरांनी १२-१३ च्या वर नको असं सांगितलेलं. मर्यादा १४ वर आणून मोजलं तर त्याच अभ्यासात दोन्ही गटांतले निम्म्याहून जास्त डोळे नापास होतात, ट्रॅबचे ट्यूबपेक्षा जास्त. म्हणून दुसऱ्यांचे टक्के ऐकून उपयोग नाही, आपल्या पेशंटचं टार्गेट काय ते आधी विचारायचं आणि मग त्या टार्गेटला किती शक्यता ते विचारायचं.

दुसरी गोष्ट थेंबांची. पाच वर्षांनी दोन्ही गटांत सरासरी एकापेक्षा थोडी जास्त औषधं चालूच होती. दुसऱ्या ऑपरेशननंतर थेंब परत सुरू झाले की घरचे म्हणतात हे पण फेल गेलं. नाही हो. आधी चार औषधं घालून २८ होतं आणि आता एका थेंबावर १३ आहे, तर हे ऑपरेशन काम करतंय. अण्णांना हे पटवायला मला जेवढा त्रास झाला तेवढा ऑपरेशनला तयार करायला पण झाला नव्हता. "एवढं सगळं करून परत बाटली हातात दिलीच की," असं म्हणायचे.

आमच्याकडे ट्यूब ठरली. आपल्याकडे ट्यूबचे मुख्य दोन प्रकार बघायला मिळतात. एक अहमद व्हॉल्व, त्यात झडप असते त्यामुळे प्रेशर पहिल्या दिवसापासून उतरतं. दुसरी बिनझडपेची मोठी ट्यूब, बेअरव्हेल्टसारखी, आणि आपल्याकडे त्याच धर्तीची आडी, म्हणजे मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी जोडलेल्या ऑरोलॅबने २०१३ मध्ये आणलेली. अहमद आणि बेअरव्हेल्टची तुलना करणारे दोन मोठे अभ्यास झाले, दोन्ही मिळून ५१४ पेशंट, पाच वर्षांनी अहमदमध्ये ४९ टक्के फेल आणि बेअरव्हेल्टमध्ये ३७ टक्के, प्रेशर सरासरी १५.८ आणि १३.२. पण प्रेशर फारच पडून डोळा बिघडणं हे बेअरव्हेल्टमध्ये जास्त, साडेचार टक्क्यांच्या आसपास, अहमदमध्ये जवळपास नाहीच. त्यामुळे ज्याचं प्रेशर ४० वर आहे आणि आजच्या आज उतरवायचंय त्याला अहमद देतात, आणि ज्याला पुढची बरीच वर्षं खालचं प्रेशर हवंय त्याच्यासाठी मोठ्या प्लेटची ट्यूब, असं साधारण आमच्या डॉक्टरांनी सांगितलं. आडीची किंमत बाहेरून येणाऱ्या ट्यूबपेक्षा कितीतरी कमी आहे, आणि हे मी मुद्दाम लिहितेय, कारण स्वस्त आहे म्हणजे हलकी असणार असं आमच्याच घरात दोघांनी बोलून दाखवलं. तसं नाहीये. ३५० चौरस मिलिमीटरची तीच मोठी प्लेट, तेच तत्त्व.

आता त्या पहिल्या दीड महिन्याबद्दल सविस्तर लिहिते कारण याची तयारी कोणी करून देत नाही. बिनझडपेची ट्यूब लगेच उघडी ठेवली तर सगळं पाणी वाहून डोळा पिचकेल, म्हणून ती ऑपरेशनच्या वेळीच व्हिक्रिलच्या विरघळणाऱ्या दोऱ्याने बांधून टाकतात. दोरा सुटतो साधारण पाच-सहा आठवड्यांनी, तोवर प्लेटभोवती शरीर स्वतःचं पातळ आवरण तयार करतं आणि ते आवरणच पुढे पाण्याला अडवून धरतं. म्हणजे ऑपरेशन झालं तरी तेवढे आठवडे प्रेशर वरच, जुने थेंब चालू, वर प्रेशर उतरवणाऱ्या डायमॉक्सच्या गोळ्या. अण्णांच्या बोटांना मुंग्या यायच्या, जेवण नको व्हायचं, चहाची चव पण बदलली म्हणायचे, दुपारी नुसते पडून असायचे, डॉक्टरांना विचारून केळं आणि नारळपाणी चालू केलं (किडनीचा त्रास असेल तर हे स्वतःच्या मनाने करू नका, आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर डायमॉक्सच्या आधीच सांगा). पाहुणे विचारायचे की ऑपरेशन होऊन महिना झाला तरी प्रेशर तीसच कसं, फसवलं का तुम्हाला. मग एका सकाळी अण्णा म्हणाले, "आज धुरकट दिसतंय ग, आणि डोळा आतून दुखतोय." मी घाबरून फोन लावला, तिकडून पहिला प्रश्न आला ऑपरेशन होऊन किती आठवडे झाले, आणि मग म्हणाले घेऊन या, दोरा सुटला असणार. सुटलाच होता. प्रेशर ८. डायमॉक्स त्याच दिवशी बंद, जुने थेंब बंद, स्टेरॉइडचे थेंब चालू ठेवले, वाकायचं नाही, जोर लावायचा नाही, जड उचलायचं नाही. नजर काही दिवसांत परत जागेवर आली. हा दिवस येणार हे ऑपरेशनच्या आधी कॅलेंडरवर खूण करून ठेवा, त्या आठवड्यात गावाला जाऊ नका आणि लग्नकार्य असेल तर पेशंटला नेऊ नका.

त्यानंतरची वर्षं बघायला गेलं तर कंटाळवाणी असतात आणि ती तशीच जायला हवीत. साताऱ्याहून स्वारगेट, रिक्षा, केसपेपर, निळा दिवा लावून प्रेशर, कधी फिल्ड टेस्ट (आजूबाजूचं किती दिसतं त्याची तपासणी), परत एसटी. पण ट्यूबला काही गोष्टी उशिरा होतात. ट्यूबचं टोक आतून काचेसारख्या पडद्याच्या, म्हणजे कॉर्नियाच्या जवळ असतं, आणि त्याच्या आतल्या थरातल्या पेशी हळूहळू कमी होतात, काहींचा कॉर्निया वर्षांनी धुरकट होतो. म्हणून आधीपासून कॉर्निया कमजोर असेल तर ट्यूब बुबुळाच्या मागून नेतात. दुसरं, ट्यूबवर जो पॅच बसवतात तो पातळ होऊन ट्यूब उघडी पडू शकते आणि उघडी ट्यूब म्हणजे जंतूंना आत जायला सरळ रस्ता. ट्रॅबलाही हे आहेच, पातळ पांढुरका ब्लेब असेल तर दहा वर्षांनी पण इन्फेक्शन होऊ शकतं. ऑपरेशन झालेला डोळा लाल झाला, चिकटा आला, दुखला तर मेडिकलमधून थेंब आणून घालायचे नाहीत, त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे. अण्णांच्या पाकिटात मी एक चिठ्ठी ठेवलीय, कुठल्या डोळ्यात ट्यूब आहे आणि कधी टाकली ते, कारण गावातला डॉक्टर पापणी उचलून बघेलच असं नाही. ट्यूबनंतर काहींना एकाचे दोन दिसायला लागतात, प्लेट स्नायूंजवळ असते म्हणून, तेही लगेच सांगायचं.

आणि ट्यूब पण बंद पडली तर? पडते, वरचे आकडे बघितलेच. बहुतेक वेळा प्लेटभोवतीचं ते आवरण जाड होतं आणि पाणी जिरत नाही. मग थेंब वाढवतात, आवरण कापून बघतात, डोळ्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात दुसरी ट्यूब टाकतात, किंवा जिथे पाणी तयार होतं तो भागच डायोड लेझरने थोडा भाजून पाण्याचं उत्पादन कमी करतात. हे लेझर पूर्वी फक्त नजर गेलेल्या दुखऱ्या डोळ्यांसाठी ठेवायचे, आता नजर असलेल्या डोळ्यांवरही बेताने करतात, पण तिथे एकदा भाजलेलं परत येत नाही, प्रेशर कायमचं फार खाली जाऊन डोळा आक्रसण्याची भीती असते, आणि परिणाम कमी पडला म्हणून पुन्हा करावं लागणं हेही नेहमीचंच. दर वेळी जागा कमी होत जाते, पडदा जास्त चिकटलेला असतो, म्हणून तिसऱ्या-चौथ्या वेळी काचबिंदूचंच काम करणाऱ्या डॉक्टरकडे जावं असं मला मनापासून वाटतं, लांब पडलं तरी.

मग हा सगळा खटाटोप कशासाठी असं अण्णांनीच एकदा विचारलं होतं, गेलेली नजर तर कुठलंच ऑपरेशन परत आणत नाही. ते खरं आहे, नस एकदा सुकली की सुकली. पण एजिस नावाचा अमेरिकेतला मोठा अभ्यास आहे, त्याचा २००० साली आलेला निकाल मला डॉक्टरांनी कागदावर रेघ काढून दाखवला, ज्या डोळ्यांचं प्रेशर सहा वर्षं प्रत्येक तपासणीत १८ च्या खाली राहिलं, सरासरी साधारण १२, त्यांचं फिल्ड सरासरी जवळपास जिथल्या तिथे राहिलं. ज्यांचं प्रेशर कधी खाली कधी वर असं राहिलं त्यांचं खराब होत गेलं. प्रत्येक तपासणीत, हे महत्त्वाचं. एका चांगल्या रीडिंगने काही होत नाही. अण्णांना कडेचं दिसत नाही, जिना उतरताना हात धरावा लागतो, पण पेपर स्वतः वाचतात, पैसे स्वतः मोजतात, आणि गेली काही वर्षं फिल्डचा तो काळा डाग पसरलेला नाही.

मीही तपासून घेतलंय आणि भावाला पण पाठवलं, आई-वडिलांना काचबिंदू असेल तर मुलांना धोका बराच जास्त असतो आणि सुरुवातीला काहीच जाणवत नाही. भावाचं प्रेशर वरच्या बाजूला निघालं, त्याला एक थेंब सुरू आहे.

तुमच्या घरी कोणाला दुसरं किंवा तिसरं ऑपरेशन झालं असेल आणि पाच वर्षांच्या वर गेली असतील तर कृपया लिहा, काय केलं होतं, ट्यूब कुठली, आता प्रेशर किती आणि थेंब किती चालू आहेत. विशेषतः आडीवाल्यांनी लिहा, अण्णांची तीच आहे आणि पुढच्या वर्षांत काय बघायचं ते मला तुमच्याकडून कळेल.